सकट ठेव

काशिनाथ,

तुझ्या दिवसकार्याला मी आलो होतो, पण बोललो काहीच नाही. लोक एकेक करून उठत होते. शहापूरच्या एस. टी. स्टँडसमोर तू टंकलेखनाचा क्लास कसा काढलास, डोळखांबकडच्या पाड्यावरून शाळेला चालत कसा यायचास, हे सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडले. जे सांगायचे होते ते त्या मंडपात सांगण्याजोगे नव्हते. ते तुलाच सांगायचे होते, आणि तुला सांगण्याची वेळ मी माझ्या हाताने घालवली होती.

म्हणून हे लिहितो आहे. ज्या संगणकावर लिहितो आहे तो तूच किन्हवलीला माझ्या घरी आणून बसवलास, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये लिहितो आहे तोही तूच रचलास. खालच्या कोपऱ्यात दोन बटणे आहेत. त्यांवरची नावे मी दिलेली. त्या नावांपाशीच आपला वाद थांबला होता, तो अजून तिथेच आहे.

तुला आठवते ना, सुरुवात कशी झाली? मी शाळेतून निवृत्त झालो होतो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या बोलीचे शब्द वहीत उतरवण्याचा नाद लागला होता. भाताच्या जाती, रानभाज्या, नांगराचे भाग, पावसाचे प्रकार. अकरा वह्या झाल्या. तू एकदा त्या चाळल्यास आणि म्हणालास, "गुरुजी, वहीत किती दिवस ठेवणार? उंदीर वाचतील आधी. कॉम्प्युटरात टाकू." दहावीच्या वर्गात शब्दरूपे चुकवणारा मुलगा मला शिकवू पाहतो आहे, याची मला गंमत वाटली. महिन्याभराने तू मला तुझा लेखनप्रोग्रॅम दाखवलास. त्यात अक्षर ठळक होई, तिरपे होई. इतकेच नव्हे, लिहिता लिहिता मधेच शेवळ्यासारख्या रानभाजीचा फोटो ठेवता येई, आणि फोटोशेजारी एक लहानसा कर्णा दिसे. तो दाबला की आवाज येई. हे सारे एकाच फाईलच्या पोटात.

आवाज कशाला, असे मी विचारले होते. उच्चार लिहून दाखवता येतो. ऱ्हस्वदीर्घाची चिन्हे आहेत, अनुस्वार आहेत.

"तुमचा वेद तर तोंडानंच चालला ना गुरुजी, इतकी वरसं?" तू म्हणालास. "मंग आमच्या आईच्या शब्दांनीच काय पाप केलं? त्यांनी कागदावर गप बसायचं?"

मी हसलो आणि पहिली वही तुझ्यापुढे सरकवली.

तुझी आई, भागीबाई, ही आपल्या कोशाची खरी कर्ती. निम्मे शब्द तिचे. पहिल्यांदा तुझ्याबरोबर पाड्यावर गेलो, तेव्हा तिने कोरा चहा पुढे केला आणि मी आज व्रत आहे म्हणून नको म्हटले. व्रत नव्हते. माझे सोवळे होते, आणि ते मी व्रताच्या नावाखाली झाकले. दुसऱ्या खेपेसही तेच सांगितले. तिसऱ्या खेपेस ती तुझ्याकडे बघत म्हणाली, "गुरुजींचा रोजच उपास हाय का रे? मानूस जगतो कसा?" तू खाली मान घालून हसू दाबत होतास. मी लाजलो, कप उचलला. तेव्हा ती म्हणाली, "घ्या. यात दूधपन नाय. बाटंल काय?" तो चहा मी संपवला. पुढे दरवेळी मागून घेतला. परंतु काशिनाथ, माणूस एक कप चहा पितो म्हणून त्याच्या आतला 'शुद्ध' हा शब्द लगेच सुटत नाही. तो दुसऱ्या दारातून आत येतो.

तो या बटणांतून आला.

प्रोग्रॅममध्ये फाईल ठेवण्याच्या दोन रीती होत्या. एक, केवळ अक्षरे ठेवायची. जागा कमी लागते, कोणत्याही यंत्रावर उघडते. दुसरी, अक्षरांबरोबर ठळकपणा, फोटो, आवाज, सगळे ठेवायचे. बटणांवर मराठी नावे हवीत असे तू म्हणालास, आणि ती तूच सुचवलीस: "नुसतं ठेव" आणि "सकट ठेव".

मला ती गावंढळ वाटली. ग्रंथाच्या कामाला प्रौढ शब्द हवेत, असे माझे म्हणणे. मी सुचवले: "शुद्ध जतन" आणि "सोपाधिक जतन". उपाधी म्हणजे मूळ वस्तूला बाहेरून चिकटलेले ते; फोटो आणि आवाज या शब्दाच्या उपाधी. त्यांच्यासह ते सोपाधिक, त्यांवाचून ते शुद्ध. वेदान्तातली परिभाषा संगणकाला किती चपखल बसते याचा मला अभिमान वाटला.

"सोपाधिक," तू दोनदा उच्चारून पाहिलेस. "लोकांना वाटंल, हे सोप्पं असंल. आणि शुद्ध म्हटलं की सगळे तेच दाबतील, गुरुजी. अशुद्ध कोन ठेवील?"

"अभ्यासू माणसे वापरतील. त्यांना कळेल."

"आई भाजी आणते ती मुळासकट, मातीसकट आणते. सकट म्हटलं की काय सोडायचं नाय, ते लहान पोराला पन कळतं."

"तो बाजारातला शब्द आहे."

"बाजारात भाजीच मिळते ना," तू म्हणालास, आणि वाद सोडून दिलास. कारण मी तुझा गुरुजी. इतर गिऱ्हाइकांच्या प्रोग्रॅमवर तू काय नावे ठेवलीस ते मी कधी विचारले नाही, पण आपल्या कोशाच्या यंत्रावर माझी नावे चढली. "शुद्ध" दाबले तर पुढे एक इशारा यायचा. तू लिहिला होतास, "फोटो आणि आवाज जातील. चालेल का?" तोही मी सुधारला: "उपाधी निवृत्त होतील. अनुमती आहे?"

ते वाक्य आज वाचताना मला माझीच भीती वाटते.

भागीबाई एकदा दवाखान्यासाठी शहापूरला आली होती. तू तिला क्लासमध्ये आणून खुर्चीवर बसवलेस, मायक्रोफोन पुढे धरलास. ती त्या काडीसारख्या वस्तूवर चिडली होती, इतके मला आठवते. मग एकेक करून तिने रानभाज्यांचे शब्द म्हटले: शेवळं, लोत, भारंगी, असे चाळीसेक. आवाज जागा फार खातो म्हणून तू तो दाबून लहान केलास, फाईलच्या पोटात घातलास आणि बाहेरच्या वेगळ्या प्रती पुसून टाकल्यास. "पोटात गेलं ना, मंग बाहेर ठेवून काय करायचं? डिस्क भरलीय." तिचे ते सुरुवातीचे चिडलेले बोलणे मात्र तू फेकले नाहीस. ते तू कोशाच्या अगदी पहिल्या पानावर, शीर्षकाखाली बसवलेस.

तिथे मंगलाचरण हवे होते. ग्रंथारंभी देवतेचे स्मरण करावे, विघ्ने टळतात, असे मी तुला सांगितले.

"मंग तेच केलंय," तू म्हणालास.

मी रागावलो नाही, पण ते बोलणे मी नीट ऐकलेही नाही. एकदा वाजले, माझे लक्ष मंगलाचरणाच्या श्लोकाकडे होते. ती काय बोलली ते म्हणूनच मला पुढे आठवले नाही.

त्याच सुमाराची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका दुपारी तू जेवायला गेला होतास. कोशाची छापील प्रत कशी दिसते ते पाहावे म्हणून मी फाईल उघडली, ती चुकून दुसऱ्याच, साध्या अक्षरांच्या प्रोग्रॅममधून, आणि छापण्याची आज्ञा दिली. प्रिंटर करकरू लागला. दोन्ही कडांना भोके असलेला तो लांब कागद बाहेर येऊ लागला, आणि त्यावर मराठीचे एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरे, आकडे, महिरपी कंस, ओळीमागून ओळ. थांबवायचे कसे ते मला माहीत नव्हते. सतरा पाने आली आणि वीज गेली, म्हणून सुटलो. आपण यंत्र बिघडवले या लाजेने मी तो कागद घडी करून पिशवीत घातला. संध्याकाळी तू म्हणालास, "कागद लई कमी झालाय. उंदीर आता प्रिंट काढाया लागले वाटतं." मी पिशवी पायाशी ओढून घेतली.

घरी आणल्यावर तो टाकवेना. अर्थ नसला तरी अक्षरे होती. त्यांत वाण्याने जिरे बांधावे हे मला सोसवले नसते. मी ती पाने एका पोथीबरोबर बासनात बांधली आणि विसरलो. दर दसऱ्याला सरस्वतीपूजनात पोथ्यांवर फूल वाहिले, त्यात त्यांवरही वाहिले गेले.

म्हशाच्या जत्रेनंतरच्या थंडीत भागीबाई गेली. तू आठ दिवसांनी क्लास उघडलास, तेव्हा मी दारात होतो. तू संगणक सुरू केलास, पहिले पान उघडलेस, आणि कर्ण्यावर बोट नेऊन परत घेतलेस. "आज नको, गुरुजी. ऱ्हाऊ दे. हाय तिथं हाय." तुला धीर यायचा होता. आवाज कुठे जाणार आहे, असे आपण दोघेही समजून होतो.

त्यानंतर तीन महिन्यांनी मी कोशाचे मुद्रितशोधन पूर्ण केले. एकादशी होती. सकाळपासून उपाशी बसून मी शेवटचा शब्द तपासला. एकही अशुद्ध उरले नाही, या समाधानात फाईल मिटायला गेलो. यंत्राने विचारले: शुद्ध की सोपाधिक? काशिनाथ, चार महिने मी शुद्धलेखनच करत होतो. माझे बोट दुसरीकडे जाणार कुठे? मग यंत्राने विचारले: उपाधी निवृत्त होतील. अनुमती आहे? उपाधी निवृत्त व्हाव्यात म्हणून मी आयुष्यभर प्रार्थना केली आहे. मी अनुमती दिली. वर तू घालून दिलेला नियम पाळला: काम झाले की दुसरी प्रत फ्लॉपीवर. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवली आणि फ्लॉपी जागेवर ठेवून, हात धुऊन, घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तू पहिले पान उघडलेस. शीर्षक होते. त्याखाली कर्णा नव्हता. तू शेवळ्याकडे गेलास, लोताकडे गेलास. शब्द, अर्थ, व्युत्पत्ती, सारे निर्दोष. फोटो नाही, आवाज नाही. तू फ्लॉपी घातलीस. ती बराच वेळ गुरगुरली आणि तेच दाखवले. मी तुझ्या मागे उभा होतो. तुझी मान मला दिसत होती, चेहरा दिसत नव्हता.

"काय नाय, गुरुजी," तू म्हणालास. "होतं असं."

आणि उठून चहा सांगायला बाहेर गेलास. चहा आला. तू माझ्या कपात साखर कमी आहे का ते विचारलेस. एवढेच. तू ओरडला असतास, माझ्या शब्दांचा उद्धार केला असतास, तर मला क्षमा मागता आली असती. तू मला ती जागाच दिली नाहीस. आणि मी, ज्याला शब्दांशिवाय दुसरे काही येत नाही, त्या दिवशी एकही शब्द शोधू शकलो नाही. पुढे शोधलाही नाही. आज बोलू, उद्या बोलू, करता करता वर्षे गेली.

कोश मुरबाडला छापला गेला. समारंभात पाहुणे म्हणाले, एवढ्या ग्रंथात मुद्रणदोष शोधून सापडत नाही. मागच्या रांगेत उभा राहून तू टाळ्या वाजवल्यास. मी व्यासपीठावरून पाहिले, आणि माझ्या गळ्यातला हार मला जड झाला.

मी नित्य पूजा करणारा माणूस. कलशात, सुपारीत, दर्भाच्या बटूत मी आवाहन करत आलो. बोलावले की येतात, अशी माझी श्रद्धा. परंतु यायला आसन लागते. ज्याचे आसनच आपल्या हाताने पुसले, त्याला बोलवायचे कुठे?

आता या वर्षाचे सांगतो. आषाढात तू माझ्याकडे आला होतास. थकलेला दिसत होतास, जिना चढताना थांबलास, पण विचारल्यावर म्हणालास, "वय झालं, गुरुजी. तुमच्यापुढं बोलाया नको." माझ्या यंत्रात एक फाईल अडली होती. तू ती साध्या अक्षरांच्या प्रोग्रॅममध्ये उघडलीस, आणि पडद्यावर तीच भाषा दिसली: कंस, आकडे, इंग्रजी अक्षरे.

"हे काय बिघडले?" मी विचारले.

"बिघडलं नाय. आतून सगळ्या फायली अशाच असतात. हा तुमचा फोटो बघा. शून्य ते नऊ, मंग ए ते एफ, एवढ्याच अक्षरांत लिवलाय. आवाज पन असाच लिवतात. आणि हा कंस हितं उघडला, तो शेवटी मिटायलाच पायजे. एक कंस मिटायचा ऱ्हायला तर फाईल उघडत नाय." तू शेवटी जाऊन एक कंस घातलास, आणि फाईल उघडली.

तू गेल्यावर मी बासन सोडले. सतरा पाने, वर महिरपी कंस, मग मघाशी पडद्यावर होती तशीच शीर्षकाची खूण, आणि त्यानंतर आकडे, आकडे, आकडे. कोशाचे पहिले पान. भागीबाईचे ते पहिले बोलणे, कागदावर शाईने लिहिलेले, इतकी वर्षे माझ्या देवघरात.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन करायला हवा होता. का केला नाही ते नीट सांगतो, कारण हाच माझा दुसरा अपराध. मला वाटले, पाने फिकट आहेत. एक अक्षर चुकले तर आवाज येणार नाही. तुला आशा दाखवून ती मोडणे क्रूरपणाचे होईल. आपण स्वतः सारे उतरवू, तपासू, शुद्ध प्रत तयार करू, आणि मगच सांगू. पुन्हा तोच शब्द, काशिनाथ. शुद्ध प्रत.

एका पानाला चार-चार दिवस लागले. एका बोटाने टंकायचे, मग लहानपणी वेदपाठशाळेत शिकल्याप्रमाणे क्रमाने म्हणून पडताळायचे: पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, तिसरे-चौथे, म्हणजे मधले गळले तर जीभ अडखळते. "सात एफ, एफ शून्य, शून्य शून्य, शून्य चार" असा माझा पाठ चाले. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारले, "गुरुजी, नवीन स्तोत्र वाटतं? कुठल्या देवाचं?" देवीचे, असे मी सांगितले. मधले एक पान कसरीने खाल्ले होते. त्याची जाळी झाली होती. तेवढे सोडावे लागले.

भाद्रपदात तू शहापूरच्या स्टँडवर भेटलास. तुझी पत्नी सुमन बरोबर होती. तिच्या हातात कपड्यांची पिशवी. "ठाण्याला चाललोय, छातीची तपासणी करायची. दोन दिवसांत येतो." माझ्या झोळीत नऊ तपासलेली पाने होती, तुला दाखवायला नव्हे, वाचनालयातल्या भिंगाखाली पाहायला आणलेली. तू झोळीकडे बघून म्हणालास, "काय गुरुजी, एवढं काय वाहताय?"

"थोडे लेखन आहे."

"मना दाखवा आल्यावर."

"शुद्ध प्रत झाली की दाखवतो," मी म्हणालो.

तू हसलास. "तुमचं शुद्ध काय संपत नाय." आणि गाडीत चढलास.

तू माझ्याशी बोललेले हे शेवटचे वाक्य. त्यात राग होता की माया, याचा निर्णय मला करता येत नाही. त्या वेळी झोळी उघडून पाने तुझ्या हाती दिली असती, तर तीन तासांच्या प्रवासात तू ती चाळली असतीस. तुला वरच्या चार ओळींतच कळले असते. बरा झाला असतास असे मी म्हणत नाही. पण जाताना तुझ्या मांडीवर तुझी आई असती.

दिवसकार्य झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या क्लासवर गेलो. सुमन एकटी बसली होती, मुलांची प्रमाणपत्रे लावत. मी पाने, टंकलेल्या फाईलची फ्लॉपी, सारे तिच्यापुढे ठेवले आणि पहिल्यापासून सांगितले. अकरा पाने तपासलेली आहेत, पाच नुसती टंकलेली, एक नाही. शुद्ध नाही, असेही सांगितले. या वेळी मी ते शुद्ध करायला थांबलो नव्हतो.

तिने आपल्या कोशाच्या जुन्या यंत्रावर फाईल पाहिली. शेवटपर्यंत गेली. "मधेच तुटलंय, गुरुजी."

"वीज गेली होती."

"मंग कंस मी घालते," ती म्हणाली, आणि तुझ्यासारखाच, करंगळी उचलून, तिने तो कंस मिटवला.

पहिले पान उघडले. शीर्षकाखाली कर्णा होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिले. तिने पदराला हात पुसला आणि दाबला.

आधी खरखर. मग ती आली. भागीबाई, चिडलेली, जिवंत. "चालू झाला का रे ह्यो? मना काय ठावं, कुठं बघून बोलायचं ते..." मग करकर, कसरीने खाल्लेले पान. आणि त्यापलीकडून, फुटक्या पण स्पष्ट आवाजात: "काशा, तू बोल आधी. मंग मी बोलते."

मला वाटले, संपले. पण शेवटची तपासायची राहिलेली पाने अजून वाजायची होती. कोणीतरी हसले. तरुण, मोकळे हसू. आणि मग तुझा आवाज, वीस-बावीस वर्षांच्या मुलासारखा पातळ: "बरं आई. मी बोलतो आधी. मी..."

तिथे वीज गेली होती.

सुमनने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तुझा आवाज तिच्यापाशी कुठेच नव्हता. फोटो होते, आवाज कोणी ठेवला नव्हता. मी तुझ्या आईचा आवाज परत आणायला निघालो होतो, काशिनाथ. त्याच्या पोटात तू होतास, हे मला माहीत नव्हते. पुसताना तुम्हा दोघांना पुसले, हेही माहीत नव्हते.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "ठेवते गुरुजी. कुठलं दाबू?"

"सकट," मी म्हणालो. तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला.

"तुमच्या कॉपीत सकट नाय. बाकी सगळ्यांच्या हाय. तुमच्यात तुमचेच शब्द ठेवलेत." तिने पडदा माझ्याकडे वळवला. तीच दोन बटणे. मी घाबरून म्हणालो, "मग दुसरे दाब. शुद्ध दाबू नकोस."

"दाबा कुठलंपन. दोन्ही एकच हायत. आई गेली त्या साली, तुमच्या हातून ते झालं ना, त्याच आठवड्यात बसून त्यांनी बदललं. मी म्हटलं, गुरुजींना सांगा तरी. तर म्हणाले, नको. त्यांना त्यांचा शब्द आवडतो. ऱ्हाऊ दे. आत सकट ठेवलंय."

म्हणजे इतकी वर्षे मी "शुद्ध" दाबत आलो, इशारा येईनासा झाला हेही मला उमगले नाही, आणि तू माझे सगळे सकट ठेवत आलास.

त्या दिवशी तुझी आई तुला म्हणाली होती, तू बोल आधी. मी तिथेच उभा होतो आणि ऐकले नाही. आता ऐकले आहे, म्हणून मी आधी बोलतो. चूक माझी होती. शब्द माझा होता, बोट माझे होते, आणि नंतरचे मौनही माझेच. क्षमा माग असे तू कधी म्हणाला नाहीस. मी न सांगता मागतो आहे. अशुद्ध असेल, तशीच घे.

हे ऐकून त्या दिवशी मी सुमनच्या शेजारी बसलो आणि "शुद्ध" दाबले. यंत्राने काही विचारले नाही. फाईल मिटली. पुन्हा उघडली. कर्णा तिथेच होता.